तोंडावर रुमाल ठेवून त्याने धूळ ओढली आणि जगाला व्हॅक्यूम क्लीनर मिळाला

दिवाळीच्या आधी घरोघरी एक सीन ठरलेला असतो. एक जण स्टुलावर चढलेला, डोक्याला फडकं, हातात झाडू, आणि पंख्याच्या पात्यांवरची सगळी धूळ खाली स्टूल धरून उभ्या असलेल्याच्या डोळ्यांत. संध्याकाळपर्यंत घर चकाचक होतं आणि रात्रभर अख्खं घर शिंकत बसतं. मग कोणीतरी जाहीर करतं, की बास झालं, यंदा व्हॅक्यूम क्लीनर घेऊनच टाकू.

मोबाईल उघडला की खरा गोंधळ सुरू होतो. कोण म्हणतं आमचं मशीन इतक्या वॅटचं, कोण म्हणतं आमचं इतक्या हजार पास्कलचं. कुणाला पिशवी, कुणाला डबा, कुणाला वायर नाही, तर कुणी आपलं आपणच घरभर फिरतंय. किमती तीन हजारांपासून पन्नास हजारांच्या पुढे. अशा वेळी माणूस काय करतो, तर सगळ्यात मोठा आकडा आणि सगळ्यात मोठं डिस्काउंट बघतो आणि बटण दाबून मोकळा होतो.

पण हे मशीन ज्या माणसाने जन्माला घातलं, त्याने पहिली परीक्षा घेतली तेव्हा त्याच्याकडे ना वॅट होते ना पास्कल. त्याच्याकडे एक रुमाल होता आणि स्वतःची फुफ्फुसं होती. त्याची गोष्ट माहिती असली, तर दुकानात काय विचारायचं हे आपोआप कळतं.

त्याचं नाव ह्युबर्ट सेसिल बूथ.

४ जुलै १८७१ रोजी इंग्लंडमधल्या ग्लॉस्टर या गावात त्याचा जन्म झाला. वडील लाकडाचे व्यापारी. पोराचं डोकं यंत्रात चालायचं, म्हणून गावातलं शिक्षण झाल्यावर तो लंडनला गेला. तिथल्या सिटी अँड गिल्ड्स संस्थेत तीन वर्षांचा इंजिनियरिंगचा कोर्स केला आणि १८९२ च्या शेवटी मॉड्स्ली, सन्स अँड फील्ड या कंपनीत चिकटला. ही कंपनी म्हणजे त्या काळातलं मोठं नाव. जहाजांची इंजिनं बनवण्यात तिचा हात धरणारे फार थोडे होते. बूथनेही सुरुवातीला ब्रिटिश नौदलाच्या युद्धनौकांच्या इंजिनांवर काम केलं.

आता इथून गोष्ट जत्रेत जाते.

१८९३ मध्ये अमेरिकेत शिकागोच्या प्रदर्शनात फेरिस नावाच्या इंजिनियरने भलामोठा पाळणा उभा केला होता. तो बघून युरोपातल्या शहरांनाही आपल्याकडे असाच पाळणा हवा, असं वाटायला लागलं. मॉड्स्ली कंपनीने हे काम अंगावर घेतलं आणि तरुण बूथ त्या कामाला लागला. ब्लॅकपूल, व्हिएन्ना आणि पॅरिस इथल्या महाकाय पाळण्यांवर त्याने काम केलं.

यातले ब्लॅकपूल आणि पॅरिसचे पाळणे पुढे मोडीत निघाले. व्हिएन्नाचा मात्र आजही फिरतोय. १८९७ साली उभा राहिलेला हा पाळणा जवळपास ६५ मीटर उंच आहे. दुसऱ्या महायुद्धात तो जळाला, नंतर पुन्हा उभा केला. बिफोर सनराइज हा सिनेमा पाहिला असेल, तर त्यातले हिरो-हिरॉईन संध्याकाळच्या उजेडात ज्या पाळण्यात बसतात तो हाच.

थोडक्यात काय, तर तिशीच्या आतच बूथ पूल, पाळणे आणि इंजिनं कोळून प्यालेला इंजिनियर होता. झाडू-केरसुणीशी त्याचा काडीचा संबंध नव्हता.

तो आला १९०१ मध्ये.

त्या काळात युरोपातल्या पैसेवाल्यांच्या घरात धूळ म्हणजे मोठी डोकेदुखी होती. जमिनीवर जाड गालिचे, खिडक्यांना मखमली पडदे, खुर्च्यांना मऊ गाद्या, आणि घर गरम ठेवायला कोळशाची शेगडी. ही सगळी धूळ कापडात जाऊन बसायची. झाडू मारला की ती उठायची, तासभर हवेत तरंगायची आणि पुन्हा जागच्या जागी बसायची. वर्षातून एकदोनदा गालिचे अंगणात नेऊन दोरीवर टाकायचे आणि काठीने बडवायचे. हे बडवायचं काम अर्थातच नोकरांच्या नशिबी. नाका-तोंडात जाणारी धूळही त्यांचीच.

यावर उपाय शोधायचे प्रयत्न चालू होते. अमेरिकेत मेलव्हिल बिसेल नावाच्या दुकानदाराने १८७६ मध्येच ढकलायचा, ब्रश फिरणारा झाडू बनवला होता. त्याने वरवरचा कचरा निघायचा, आत मुरलेली धूळ नाही.

१९०१ मध्ये लंडनच्या एम्पायर म्युझिक हॉलमध्ये एका अमेरिकन यंत्राचं प्रात्यक्षिक ठेवलं होतं. बूथ ते बघायला गेला. यंत्राची आयडिया अशी, की गालिचावर जोरात हवेचा झोत मारायचा. धूळ उडणार आणि वर लावलेल्या पेटीत जाऊन पडणार. प्रत्यक्षात काय झालं, तर थोडी धूळ पेटीत गेली आणि उरलेली चारी बाजूंनी उडून पुन्हा गालिचावर बसली.

बूथच्या डोक्यात साधा प्रश्न आला. हवा फुंकण्यापेक्षा ओढून का घेत नाही? त्याने तो यंत्रवाल्याला विचारलाही. यंत्रवाला चिडला. ते शक्यच नाही, अनेकांनी करून बघितलंय, असं त्याचं म्हणणं पडलं आणि तो निघून गेला.

बूथ मात्र ते विसरला नाही. काही दिवसांनी तो लंडनच्या व्हिक्टोरिया स्ट्रीटवरच्या एका हॉटेलात मित्रांबरोबर बसला होता. समोरच्या खुर्चीची पाठ मखमली होती. बोलता बोलता तो उठला, त्या मखमलीवर रुमाल ठेवला, रुमालाला तोंड लावलं आणि जोरात श्वास आत ओढला. ठसका लागून त्याचा जीव घाबरा झाला. पण खोकला थांबल्यावर त्याने रुमाल उलटा करून पाहिला, तर जिथे तोंड लावलं होतं तिथे कापडावर धुळीचा काळा गोल उमटला होता.

बघायला गेलं तर हा विनोदी किस्सा आहे. पण आजचा प्रत्येक व्हॅक्यूम क्लीनर या एका गोलात मावतो.

कसं ते बघा. फुंकून धूळ जागेवरून हलते, पण कुठे जाईल यावर आपला ताबा राहत नाही. ओढून घेतली, तर ती एकाच वाटेने येते. आणि त्या वाटेवर हवा जाईल पण धूळ अडकेल असं काहीतरी लावलं, की काम फत्ते. त्या दिवशी ते काम रुमालाने केलं. बूथने ओढायची ताकद आधी तपासली नाही. ओढलेली धूळ नेमकी कुठे थांबते, हे तपासलं. पंप कुठलाही इंजिनियर बसवू शकला असता. प्रश्न रुमालाचा होता.

३० ऑगस्ट १९०१ रोजी त्याने पेटंटचा अर्ज केला. त्यानंतर उभी राहिलेली ब्रिटिश व्हॅक्यूम क्लीनर कंपनी १९०२ मध्ये कामाला लागली. व्हॅक्यूम क्लीनर हे नावही इथूनच रुळलं.

पण त्याचं मशीन बघून आज तुम्ही हसाल. ते घरात मावायचंच नाही.

घोड्यांनी ओढायची एक लालभडक गाडी. त्यात पेट्रोलवर चालणारं इंजिन आणि मोठा पंप. ही गाडी गिऱ्हाइकाच्या घरासमोर रस्त्यावर उभी राहायची. तिच्यातून निघालेले लांबच लांब पाईप खिडक्यांतून घरात जायचे. युनिफॉर्म घातलेली माणसं आत जाऊन गालिचे, पडदे, सोफे साफ करायची आणि धूळ पाईपातून बाहेर गाडीतल्या कापडी फिल्टरमध्ये जाऊन पडायची. इंजिनाच्या धडधडीवरून लोकांनी गाडीला पफिंग बिली असं नाव पाडलं.

या आवाजाने रस्त्यावरचे घोडे बुजायला लागले. घोडागाडीवाले वैतागले, तक्रारी झाल्या, भांडणं कोर्टापर्यंत गेली. तरी गाडी बंद पडली नाही. उलट बघ्यांची गर्दी वाढतच गेली.

त्यात बूथने आणखी एक शक्कल लढवली. पाईपाचा काही भाग पारदर्शक ठेवला. आपल्या घरातली धूळ डोळ्यांदेखत वाहत जाताना लोकांना दिसायला लागली. झालं, लंडनच्या श्रीमंत बायकांनी चहापार्ट्या ठेवायला सुरुवात केली. पाहुण्या चहा पीत बसायच्या आणि समोर व्हॅक्यूमवाले गालिचा साफ करायचे. आपलं चकचकीत घर आतून किती घाण होतं हे बघायला लोक शेजाऱ्यांना बोलवत होते, यापेक्षा भारी जाहिरात कुठली?

मग १९०२ साल आलं. राजा सातव्या एडवर्डचा राज्याभिषेक होणार होता. वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये गालिचे अंथरून झाले आणि लक्षात आलं, की ते मळलेले आहेत. आता उचलून बाहेर नेऊन बडवायला वेळ नव्हता. बूथच्या मशीनला बोलावणं आलं आणि त्याच्या माणसांनी गालिचे जागेवरच साफ करून दिले. ही बातमी राजाच्या कानावर गेली. राजवाड्यात प्रात्यक्षिक झालं आणि बकिंगहॅम पॅलेस व विंडसर कॅसलसाठी मशीनची ऑर्डर मिळाली. राजाने घेतलं म्हटल्यावर बाकीच्यांनी रांग लावली नसती तरच नवल.

पण बूथच्या मशीनची खरी किंमत राजवाड्यात कळली नाही. ती कळली पहिल्या महायुद्धात.

लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये, म्हणजे लोखंड आणि काचेच्या त्या प्रचंड इमारतीत, नौदलाच्या जवानांची छावणी होती. तिथे मेंदूज्वराची साथ पसरली. जवान दाटीवाटीने झोपत होते आणि वर्षानुवर्षांची धूळ तुळयांवर, जमिनीवर, फटींमध्ये साचली होती. डॉक्टरांचा संशय त्या धुळीवर गेला. बूथची १५ मशीनं आणली गेली. ती इमारतीत दिवसचे दिवस चालली आणि त्यांनी तब्बल २६ टन धूळ बाहेर काढली. दहा टनांचे दोन ट्रक भरून वर तिसरा अर्ध्याहून जास्त भरेल एवढी धूळ माणसांच्या झोपायच्या जागेत होती.

आज आपल्याला माहिती आहे, की मेंदूज्वर मुख्यतः माणसाकडून माणसाकडे, श्वासातून आणि शिंकेतून पसरतो. त्यामुळे साथीचं सगळं खापर धुळीवर फोडता येणार नाही. पण धुळीचा आणि तब्येतीचा संबंध आहे, हे तेव्हाच्या लोकांना कळत होतं ते बरोबरच होतं. १९६० च्या दशकात नेदरलँड्समधल्या लायडनच्या संशोधकांनी घरातल्या धुळीच्या ॲलर्जीचं मोठं कारण शोधून काढलं. गाद्या-उशांमध्ये राहणारे, डोळ्यांना न दिसणारे किडे, ज्यांना डस्ट माइट म्हणतात. त्यांची विष्ठा आणि मेलेल्या किड्यांचे कण नाकात गेले, की दम्याच्या पेशंटचे हाल सुरू होतात.

मग प्रश्न पडतो, की इतकं सगळं करणाऱ्या बूथचं नाव आज कुणालाच कसं माहिती नाही?

याचं उत्तर आहे एका सफाई कामगाराकडे.

अमेरिकेत ओहायो राज्यातल्या कँटन गावात जेम्स मरे स्पँगलर नावाचा माणूस राहायचा. वय साठीच्या आसपास. आधी शेतीच्या अवजारांची एकदोन पेटंटं घेतली होती, पण पैसा काही हाती लागला नव्हता. पोटासाठी तो एका दुकानात झाडलोट करायचा आणि त्याला दमा होता. गालिचा झाडला की धूळ उडायची, धूळ उडाली की खोकला सुरू. नोकरी सोडावी तर खायचं काय, आणि करावी तर श्वास घ्यायचा कसा, अशी त्याची कोंडी झाली होती.

राजाचा गालिचा साफ करणारी लाल गाडी त्याच्या उपयोगाची नव्हती. म्हणून १९०७ मध्ये त्याने स्वतःच जुगाड केला. पंख्याची छोटी इलेक्ट्रिक मोटर, एक पेटी, झाडूचा दांडा, आणि धूळ अडवायला उशीचा अभ्रा. पुढे फिरणारा ब्रश बसवला, म्हणजे आत रुतलेली धूळ आधी सुटणार आणि मग ओढली जाणार. एका माणसाला एका हाताने ढकलता येईल असं हे मशीन होतं. २ जून १९०८ रोजी त्याला पेटंट मिळालं.

योगायोग बघा. बूथचा रुमाल आणि स्पँगलरचा अभ्रा. दोघांनाही धुळीने गुदमरवलं होतं आणि दोघांनीही उत्तर एकच शोधलं. हवा जाऊ द्या, धूळ अडवा.

स्पँगलरकडे कारखाना काढायला भांडवल नव्हतं. त्याचं एक मशीन ओळखीतल्या सुसान हूव्हर यांच्या घरी गेलं आणि त्यांना ते जाम आवडलं. त्यांचे पती विल्यम हूव्हर यांचा चामड्याचा धंदा होता, घोड्याचं खोगीर आणि लगाम वगैरे. मोटारी आल्याने हा धंदा आज ना उद्या बसणार, हे त्यांना दिसत होतं. त्यांनी १९०८ मध्ये स्पँगलरचे हक्क घेतले, त्याला कामावर ठेवलं आणि रॉयल्टी देऊ केली. त्याच वर्षी मासिकात जाहिरात दिली, की मशीन दहा दिवस घरी फुकट वापरून बघा. स्पँगलर १९१५ मध्ये गेला. मशीनवर नाव राहिलं हूव्हरचं.

इकडे बूथ काय करत होता? त्याच्याकडे पेटंट होतं, राजाचा शिक्का होता, नाव होतं. पण त्याचा सगळा धंदा सेवेचा होता. आम्ही येऊ, साफ करू, पैसे घेऊ आणि जाऊ. चाकांवरची इलेक्ट्रिक मशीनंही त्याच्या कंपनीने काढली, पण ती वजनाला भारी आणि खिशालाही. सामान्य घरातली बाई हे मशीन स्वतः एका हाताने चालवणार आहे, हे हूव्हरने आधी ओळखलं.

त्यात नावही हातचं गेलं. १९०७ मध्ये बूथच्या कंपनीने एका दुसऱ्या कंपनीला कोर्टात खेचलं. तिने आपल्या नावात व्हॅक्यूम क्लीनर हे शब्द वापरले होते. कोर्टाने निकाल दिला, की हे शब्द वस्तूचं वर्णन करतात, त्यावर कुणा एकाची मालकी नाही. म्हणजे बूथचं नाव सगळ्यांचं झालं. आणि गंमत अशी, की पुढे इंग्रजांनी तेही वापरायचं सोडलं. आपल्याकडे झेरॉक्स म्हणतात तसं इंग्लंडमध्ये घर साफ करण्याला हूव्हर करणं म्हणायला लागले. १९३३ मध्ये तर हूव्हरची देखणी पांढरी फॅक्टरी लंडनमध्येच, बूथच्या अंगणात उभी राहिली.

बूथ रडत बसला नाही. मुळात तो पूल बांधणारा माणूस. स्कॉटलंडमधल्या कॉनेल फेरीच्या लोखंडी पुलाच्या उभारणीवर त्याने देखरेख केली होती. त्याच्या कंपनीने कारखान्यांसाठी आणि मोठ्या इमारतींसाठी सफाईची यंत्रणा बसवण्याचं काम धरलं आणि घरगुती मशीनं १९२६ पासून गॉब्लिन या नावाने विकली. १४ जानेवारी १९५५ रोजी क्रॉयडन इथे, वयाच्या ८३ व्या वर्षी तो गेला. तोपर्यंत त्याच्या देशातल्या घराघरात त्याचं तत्त्व चालत होतं आणि दुसऱ्याचं नाव.

आता परत आपल्या मोबाईलच्या स्क्रीनवर येऊ. बूथच्या आयुष्यातून मशीन घेताना काय शिकायचं?

पहिलं म्हणजे रुमालाची परीक्षा. ओढलेली धूळ शेवटी जाते कुठे? मशीनच्या मागच्या बाजूने हवा बाहेर पडते. फिल्टर हलका असेल, तर मोठा कचरा आत राहतो आणि बारीक धूळ त्या हवेबरोबर घरात परत येते. म्हणजे एम्पायर हॉलमधल्या त्या फुंकणाऱ्या यंत्रासारखीच गत. घरात दमा किंवा ॲलर्जी असेल, तर हेपा फिल्टर बघा. युरोपच्या मानकात एच १३ दर्जाचा फिल्टर सगळ्यात चिवट आकाराचे कणही ९९.९५ टक्के अडवतो. नुसतं हेपा टाइप किंवा हेपासारखा असं लिहिलं असेल, तर दर्जा विचारा. आणि फिल्टर चांगला असूनही झाकणाच्या फटीतून हवा निसटत असेल, तर उपयोग शून्य. मशीन चालू असताना सांध्यांवर हात फिरवून बघा, वारा लागतो का ते कळेल.

दुसरं, वॅटच्या मागे लागू नका. वॅट म्हणजे मशीन किती वीज खातं, किती धूळ ओढतं हे नव्हे. युरोपियन युनियनने २०१४ मध्ये घरगुती व्हॅक्यूम क्लीनरला १६०० वॅटची मर्यादा घातली आणि २०१७ पासून ती ९०० वर आणली. तिथली घरं काही घाण राहिली नाहीत, कंपन्यांनी मशीनं सुधारली. पास्कलच्या आकड्याचंही तसंच. तो ओढ सांगतो, पण पाईपातून हवा किती वाहते हे सांगत नाही. धूळ वाहून न्यायला दोन्ही लागतात.

तिसरं, पिशवी भरल्यावर काय होतं ते विचारा. युरोपात मशीनवर विजेच्या बचतीचं लेबल लावायचा नियम होता. पण चाचणी व्हायची रिकाम्या पिशवीवर. डायसन कंपनी कोर्टात गेली आणि २०१८ मध्ये कोर्टाने हा नियम रद्द केला, कारण घरात कुणी रिकामं मशीन वापरत नाही. पिशवी भरत आली की ओढ कमी होते. डब्याच्या मशीनला पिशवीचा खर्च नाही, पण डबा रिकामा करताना धूळ उडते आणि फिल्टर धुवावा लागतो. दम्याच्या माणसाला बंद होणारी पिशवी बरी. मात्र ती पिशवी आपल्या गावात मिळते का आणि केवढ्याला, हे आधी बघा.

चौथं, घर आणि ऑफिस यांचं गणित वेगळं. युरोपच्या नियमात मोटर किमान ५०० तास टिकावी अशी अट आहे. आठवड्यातून दोनदा अर्धा-अर्धा तास वापर असेल, तर वर्षाला ५२ तास होतात आणि मोटर नऊ वर्षांच्या पुढे जाते. तेच मशीन ऑफिसात रोज दोन तास, वर्षाचे ३०० दिवस चाललं, तर दहा महिन्यांत ५०० तास संपतात. ऑफिससाठी घरगुती मशीन स्वस्तात घेतलं आणि वर्षात जळालं, यात मशीनची चूक नसते. तिथे कमर्शियल मशीनच घ्या. मोठी पिशवी, लांब वायर आणि कमी आवाज बघा.

पाचवं म्हणजे स्पँगलरचा धडा. वापरणाऱ्याच्या हाताने निवडा. आपल्याकडे फरशी जास्त आणि गालिचा कमी. त्यामुळे मऊ ब्रश, फटीत जाणारं चपटं तोंड आणि गादी-सोफ्याचं तोंड जास्त कामाचं. घरात रोज मशीन चालवणाऱ्या माणसाला ते उचलून जिना चढता येतं का, हे दुकानातच बघा. नाहीतर महागातलं मशीन माळ्यावर जातं आणि केरसुणी परत येते. साध्या मशीनने पाणी कधीच ओढू नका, त्यासाठी वेट अँड ड्राय प्रकार वेगळा असतो. रांगोळी आणि ड्रिलची भुकटीही फिल्टर लगेच तुंबवते.

आणि शेवटचं, घेण्याआधी चालवून बघा. बूथने पारदर्शक पाईप लावला, हूव्हरने दहा दिवस मशीन घरी दिलं. भारतात १९८२ मध्ये सुरू झालेल्या युरेका फोर्ब्सनेही तेच केलं. टाय लावलेली पोरं बॅग घेऊन दारात यायची आणि आपल्याच गादीतली धूळ काढून आपल्याला दाखवायची. तेव्हा लोक दार लावून घ्यायचे. पण चांगलं मशीन डोळ्यांनी बघूनच घ्यायचं असतं, हे त्यांचं बरोबर होतं.

दुकानात गेलात, की एक स्वच्छ पांढरा रुमाल खिशात ठेवा. मशीन चालू करून थोडा कचरा ओढू द्या आणि मागून हवा निघते तिथे रुमाल धरा. अगदी बारीक कण डोळ्यांना दिसायचे नाहीत, त्यासाठी फिल्टरचा दर्जा वाचावाच लागेल. पण रुमालावर काळं उमटलं, तर पुढचं काही विचारायची गरजच नाही. मशीन तिथेच ठेवा आणि पुढच्या दुकानात जा.

सव्वाशे वर्षांपूर्वी बूथने एवढंच केलं होतं. फक्त त्याला खोकावं लागलं, आपल्याला लागणार नाही.